रात्रीचा प्रवास, गाडीचा दिवा आणि आपला डोळा

दिवाळी आटोपली की वऱ्हाडातल्या रस्त्यांवरची वर्दळ वाढते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात, वरूड-मोर्शीकडून संत्र्यांचे ट्रक सुटतात, बाजार समितीत माल उतरवून ट्रॅक्टर रिकामे परततात, आणि त्यातच लग्नसराई सुरू होते. दिवस मात्र लहान होत जातो. डिसेंबरात पावणेसहाच्या आत सूर्य मावळलेला असतो, त्यामुळे आपली बरीचशी ये-जा अंधारातच होते. या दिवसांत रात्री आठ ते अकराच्या दरम्यान आमच्यासारख्या सामान्य डॉक्टरांच्या दारात अपघाताचे रुग्ण येतात. कुणाचे मनगट मोडलेले, कुणाचा गुडघा फुटलेला, कुणाच्या डोक्याला मार. बोलण्याच्या स्थितीत असलेला रुग्ण बहुधा एकच वाक्य बोलतो, "डाक्टरसाहेब, समोरून लाइट आला न् मले काईच दिसलं नाई."

ऐकणाऱ्याला ही सबब वाटते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे वाक्य शब्दशः खरे असू शकते. समोरच्या गाडीच्या प्रखर उजेडाने निरोगी माणूससुद्धा काही सेकंद जवळजवळ आंधळा होतो. गाडीच्या दिव्यांविषयी सरकारने जे नियम केले आहेत, ते मुळात डोळ्याच्या या दुबळेपणावर बेतलेले आहेत. म्हणून आरोग्याच्या या सदरात आज थोडे गाडीच्या दिव्यांविषयी.

डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी दिवसा काम करतात, रंग ओळखतात, बारीक अक्षरे वाचतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडात काम करतात. या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळट-लाल रंगद्रव्य असते आणि ते तयार होण्यासाठी 'अ' जीवनसत्त्व लागते. उजेड पडला की हे द्रव्य विघटित होते, अंधारात पुन्हा हळूहळू तयार होते. सिनेमा सुरू झाल्यावर टॉकीजमध्ये शिरलो तर खुर्ची चाचपडावी लागते आणि थोड्या वेळाने शेजाऱ्याचा चेहराही दिसू लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. तो सराव मोडायला मात्र एक क्षण पुरतो.

समोरून 'अप्पर'वर गाडी आली की डोळ्यावर दोन संकटे येतात. पहिले, उजेड डोळ्यात शिरताना भिंगामध्ये विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरट पडदा पसरतो. सकाळच्या उन्हात मळकी काच जशी चकाकते, तसेच. त्या पडद्यामागे रस्त्याच्या कडेने चाललेला माणूस, उभी बैलबंडी, रस्त्यात बसलेली गाय, सारे लुप्त होते. दुसरे संकट गाडी निघून गेल्यावर येते. डोळा पूर्वस्थितीत यायला काही सेकंद घेतो. कुणाला दोन-तीन, कुणाला पाच-सात, वयस्कांना त्याहून अधिक. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पाच सेकंदांत ती ८० मीटरच्या वर जाईल. एकामागे एक सात एस.टी. गाड्या उभ्या कराव्यात, एवढे हे अंतर आपण न बघता पार करतो.

आणि आता वेग वाढला आहे. अमरावती-अकोला महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीच्या एका लेनचे डांबरीकरण झाले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण खड्डे होते तेव्हा मोटारसायकल आपोआप ३०-४० च्या वेगाने जात असे, ती आता ८० ने जाते. डिपरचा उजेड साधारण ४०-५० मीटरपर्यंत उपयोगाचा असतो. ८० च्या वेगाने जाताना अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंतच ३० मीटर संपतात आणि गाडी थांबायला पुढे आणखी तेवढेच किंवा अधिक लागतात. अर्थात डिपरवर ८० ने जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. रस्ता गुळगुळीत झाला तरी डोळा तोच आहे.

नियम काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि एरवीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा, वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत. समोरचे माणूस व वाहन १५५ मीटरपर्यंत ओळखू यावे, अशी त्यात अपेक्षा आहे. पुढचा नियम १०६ मला डॉक्टर म्हणून फार आवडतो, कारण त्यात चक्क माणसाच्या डोळ्याचे माप आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याचे डोळे दिपता कामा नयेत, इतका तो झोत खाली वळलेला असावा. दीड मीटर, म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा किंवा पायी चालणाऱ्याचा डोळा!

यातूनच डिपरची रीत आली. मोकळ्या, निर्मनुष्य रस्त्यावर अप्पर वापरावा, त्यात गैर काही नाही. समोर दिवा दिसला की डिपर करावा, आणि तो समोरच्याने डोळे मिचकावण्याआधी करावा. वळणावर समोरचा उजेड झाडांवर पडलेला दिसतो, तेव्हाच हात बटणाकडे गेला पाहिजे. पुढच्या गाडीच्या मागे चालतानाही डिपरच हवा, कारण तिच्या आरशातून आपला अप्पर थेट चालकाच्या डोळ्यात जातो. गावातल्या खांबांच्या उजेडात अप्परची गरजच नसते. तरीही राजकमल चौकात किंवा टिळक रोडवर अप्पर लावून फिरणारे वीर रोज दिसतात.

ट्रकच्या मागे पूर्वी दोन वाक्ये हमखास असत. त्यांपैकी 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी केली. दुसरे, 'यूज डिपर ॲट नाइट', अजून दिसते. त्याचे इंग्रजी सगळ्यांना पाठ, आचरण थोड्यांचे.

डिपर करूनही समोरच्याचे डोळे दिपतात, असेही होते. याला कारणे आहेत. मोटारसायकलवर तिघे बसले, किंवा मागे ढेपेचे पोते अथवा दुधाचे कॅन बांधले की गाडीचे नाक वर उठते आणि डिपरचा झोत अप्परसारखा होतो. मागची डिकी भरलेल्या मोटारीचेही तेच. बऱ्याच मोटारींत डॅशबोर्डजवळ ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती असते. तिचा उपयोग मालकांना बहुधा ठाऊक नसतो. मागे ओझे असेल तेव्हा आकडा वाढवला की झोत खाली येतो. दुसरे कारण बल्ब. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब सामान्यतः ६०/५५ वॅटचा असतो. त्याजागी जास्त वॅटचा, किंवा हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत बाजारू पांढरा-निळा एलईडी बसवला की झोताचा आकारच बिघडतो. निळसर उजेड डोळ्यात अधिक विखुरतो, म्हणून तो जास्त टोचतो. जीपच्या टपावर किंवा बंपरवर बसवलेले शोधदिवे तर नियम १११ नुसार विशेष परवानगीशिवाय लावताच येत नाहीत.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. दिवसा "दादा, लाइट चालू आहे" असे सांगणारे सुरुवातीला पावलोपावली भेटत. दिवसा दुचाकी लांबून नजरेत भरावी, म्हणून ही सोय आहे. पण रात्री तोच दिवा अप्परवर ठेवून विसरणारे पुष्कळ. बटण कुठे आहे ते निघण्यापूर्वी पाहावे.

मागचा लाल दिवा

माझ्या पाहण्यातले सर्वांत वाईट अपघात समोरासमोरचे नाहीत. ते उभ्या ट्रॉलीवर मागून आदळल्याचे आहेत. मूर्तिजापूरकडचे एक शिक्षक, वय बावन्न, लग्नाहून परतत होते. समोरून ट्रक अप्परवर आला. तो जाईपर्यंत त्यांनी ब्रेकला हात लावला नाही, कारण रस्ता मोकळा आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांच्याच बाजूला कापसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, पट्टी नाही, दोन दगड तेवढे ठेवलेले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. जीव वाचला, पण शाळेच्या पायऱ्या चढायला त्यांना पुढे आठ महिने लागले.

नियम १०९ सांगतो की चारचाकी वा मोठे वाहन रस्त्यावर उभे असतानाही त्याचे पार्किंगचे दिवे लागलेले असावेत, पुढे पांढरे किंवा पिवळट आणि मागे लाल. बॅटरी उतरेल म्हणून आपण ते बंद करतो. ट्रॉलीला तर पुष्कळदा वायरच जोडलेली नसते. मागून लाल रिफ्लेक्टर लावायचा, तर तो कापसाच्या गंजीखाली किंवा कडब्याखाली झाकलेला. माझी शेतकरी बांधवांना विनंती आहे की ज्याला आपण 'रेडियम' म्हणतो ती चमकती पट्टी ट्रॉलीच्या फळीला लावावीच, शिवाय एक पट्टी लांब कापडावर चिकटवून ते कापड मालावरून मागे सोडावे. पूर्वी बैलबंडीच्या आसाखाली कंदील टांगत असत. ती पद्धत शहाणपणाची होती. गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर लावावेत आणि शक्य तो गाडी डांबराच्या खाली उतरवावी. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून पावसातून जाण्याची जी नवी प्रथा पडली आहे, तिने फक्त गोंधळ होतो. तुम्ही थांबला आहात की वळता आहात, हे मागच्याला कळत नाही.

पायी चालणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. दिवसा उठून दिसणारे लाल लुगडे संध्याकाळी काळे भासते, तर पांढरे धोतर बऱ्याच अंतरावरून दिसते. आपल्याकडे शेगावला पायी जाणारे भाविक पहाटे अंधारात निघतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या कावडीसाठी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन हजारो लोक रात्रभर अकोल्याकडे चालतात. बायाबापड्या भल्या पहाटे रस्त्याच्या कडेला जातात. अशा सर्वांनी उजवीकडून, म्हणजे समोरची वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. अंगावर पांढरे काही घ्यावे, पाठीवरच्या पिशवीला रेडियमची पट्टी लावावी, हातात बॅटरी असेल तर तिचा उजेड आपल्या पायांवर पाडावा. हलणारे पाय चालकाला लवकर ओळखू येतात.

चाळिशीनंतरचा डोळा

आता वयाचा विषय. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. शिवाय दिपल्यानंतर सावरायला वेळ अधिक लागतो. म्हणून "मी तीस वर्षे गाडी चालवतोय" हा दाखला रात्रीसाठी तितकासा उपयोगाचा नाही.

मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळदा अशीच कळते. दवाखान्यात दिवसा तक्ता वाचायला लावला तर रुग्ण खालच्या ओळीपर्यंत झरझर वाचतो, पण रात्री समोरच्या दिव्याभोवती त्याला किरणांची चांदणी दिसते. भिंगाच्या मागच्या बाजूला होणारा मोतीबिंदू तर दिव्याच्या उजेडात विशेष त्रास देतो. मधुमेहींमध्ये, तसेच दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये तो अधिक आढळतो. कुणाच्याही सांगण्यावरून पुडीतल्या गोळ्या खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मधुमेहात दृष्टिपटलावर लेसरचे उपचार झाले असतील, तर रात्रीची नजर कमी होऊ शकते. काचबिंदूसाठी पायलोकार्पिनचे थेंब घालणाऱ्यांची बाहुली बारीक राहते, त्यांनाही अंधारात कमी दिसते. लहान नंबरचा चष्मा दिवसा लागत नाही म्हणून घरी ठेवणाऱ्यांनी रात्री तो लावावा. दारूने डोळा दिपल्यानंतर सावरायला आणखी उशीर लागतो, हे नशा 'चढलेली' नसतानाही खरे आहे. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी झोप येते, ती घेऊन रात्री गाडीवर बसू नये.

रातांधळेपणा म्हटला की लोक गाजराकडे वळतात. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो हे खरे. म्हणूनच नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी त्याचा डोस देतात, तो चुकवू नये. पालेभाज्या, शेवग्याचा पाला, पपई, गाजर, दूध, अंडी यांतून ते मिळते. पण मोठ्या माणसाला रात्री कमी दिसण्याची कारणे बहुधा वर सांगितलेली असतात, आणि गाजर खाऊन मोतीबिंदू जात नाही. उगाच कॅप्सूल गिळू नयेत, जास्तीचे 'अ' जीवनसत्त्व यकृताला आणि गर्भाला घातक असते. लहान मूल संध्याकाळ होताच ठेचकाळू लागले आणि घरात नात्यातले लग्न झालेले असेल, तर नेत्रतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक आजार असा सुरू होतो.

रस्त्यावर विकले जाणारे पिवळ्या काचांचे 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मे घेऊ नका. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रात्री रस्त्यावरचा माणूस ओळखायला या चष्म्यांची मदत होत नाही, असे दिसून आले. कोणतीही रंगीत काच उजेड कमीच करते, आणि रात्री आपल्याला आधीच तो अपुरा असतो. त्यापेक्षा दोन रुपयांच्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने गाडीची काच आतून-बाहेरून पुसा. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतील तर ती बदला. ओरखड्यांवर उजेड पडला की जाळे दिसते, आणि मग लोक हेल्मेटच काढून हँडलला अडकवतात!

समोरून कुणी अप्परवर आलाच तर? आपणही अप्पर मारून त्याला धडा शिकवावा, असे वाटते. त्याने एकाऐवजी दोन आंधळे चालक एकमेकांजवळून जातात, एवढेच. एकदा डिपर मारून खूण करावी, वेग कमी करावा आणि नजर त्याच्या दिव्यावरून काढून रस्त्याच्या डाव्या कडेवर, पांढऱ्या पट्टीवर ठेवावी. डिपरचा झोत मुद्दाम डाव्या बाजूला थोडा लांब जाईल असा घडवलेला असतो, त्याचा उपयोग इथे होतो. तो निघून गेल्यावर मनात तीन आकडे मोजून मगच वेग वाढवावा. जुने ट्रकचालक एक डोळा मिटून घेतात. मिटलेला डोळा अंधाराला सरावलेला राहतो, हे शास्त्राला धरून आहे. पण एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, दुचाकीस्वाराने हा प्रयोग करू नये. ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या झगझगाटातून निघालात तर लगेच भरधाव जाऊ नका, डोळ्याला चार मिनिटे द्या. मोटारीतला आतला दिवा बंद ठेवा, मोबाइलचा पडदा मंद करा.

धुक्यात आणि जोराच्या पावसात अप्पर लावल्यास उजेड थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यात येतो. चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळ्यात आणि पूर्णाकाठच्या दर्यापूर-अकोट भागात हिवाळ्याच्या पहाटे हा अनुभव येतो. तेव्हा डिपरच ठेवावा. चौपदरी रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेरीची झाडे केवळ शोभेसाठी नसतात, समोरचा उजेड ती अडवतात. फांद्या तोडून तिथून वाट पाडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपला झोत बरोबर आहे की नाही, हे घरी पाहता येते. सपाट जागी भिंतीपासून आठ मीटरवर, नेहमीचे ओझे ठेवून गाडी उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली पडायला हवी. वर जात असेल तर मेकॅनिककडून स्क्रू फिरवून घ्यावा, पाच मिनिटांचे काम आहे.

चाळिशीनंतर परवान्यासाठी, आणि व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी कोणत्याही वयात, नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून गाडीचा क्रमांक वाचता येतो का, हे विचारलेले असते, आणि रातांधळेपणा आहे का, हेही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर तपासून देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर बव्हंशी तुमच्याच सांगण्यावर अवलंबून असते. "लिहा साहेब, सगळं ठीक आहे," असे म्हणून शिक्का मागणाऱ्यांना मी तीन गोष्टी विचारतो. रात्री दिव्याभोवती वलय दिसते का, समोरची गाडी गेल्यावर रस्ता उशिरा दिसतो का, आणि रात्री गाडी चालवताना घरची माणसे शेजारी बसायला भितात का. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. तपासणीच्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, तेव्हा त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. सोबत कुणाला तरी न्यावे, आणि चालू औषधांची चिठ्ठी व जुना चष्मा जवळ ठेवावा.